एक्स्टर्नल हार्डडिस्कची चावी कुठल्या ॲपला द्यायची? (उबंटू, स्नॅप आणि फ्लॅटपॅकवाल्यांसाठी)

पेनड्राइव्ह लावला, फाइल मॅनेजरमध्ये सगळं व्यवस्थित दिसतंय, पण ॲपमधून तीच फाइल उघडायला गेलं की "परमिशन डिनाइड", नाहीतर फोल्डर चक्क रिकामा. विंडोज सोडून उबंटूवर आलेल्या बहुतेकांना हा प्रश्न पहिल्या महिन्यातच पडतो आणि नेटवर शोधलं की एका ओळीची कमांड सापडते, ती मारली की काम होतं, माणूस पुढे जातो. ती ओळ मी पण खाली देणार आहे, पण ती मारताना आपण त्या ॲपच्या हातात नक्की काय देतोय ते आधी नीट समजून घ्या, मगच मारा.

हे इतकं ठासून सांगतेय कारण मला ते नुकसान होऊन कळलं. दोन वर्षांपूर्वी दर वेळी कोण अडकत बसेल म्हणून मी लॅपटॉपवरच्या झाडून सगळ्या स्नॅप ॲप्सना एकाच बैठकीत एक्स्टर्नल ड्राइव्हची परमिशन देऊन टाकली होती. त्यात फोटो लावणारं एक ॲप होतं. मला वाटलं ते फक्त दाखवेल, पण त्याने हार्डडिस्कवरचे फोल्डर मोडून तारखेप्रमाणे नवीन फोल्डर केले आणि त्या गडबडीत सारख्या नावाच्या फाइल्स एकमेकींवर गेल्या. आजीच्या शेवटच्या दिवाळीचे फोटो त्यात होते. ताईकडे एक जुनी कॉपी होती त्यातून बरेचसे परत मिळाले, सगळे नाही मिळाले. सँडबॉक्सने, म्हणजे ॲपभोवतीच्या कुंपणाने, त्या ॲपला तोपर्यंत बरोबर अडवून ठेवलं होतं, दार मी उघडलं.

तर आधी हे सगळं चालतं कसं ते बघू. म्हणजे पुढचं आपोआप कळेल.

स्नॅप म्हणजे कॅनॉनिकलचा ॲप पॅक करायचा प्रकार. उबंटू २२.०४ पासून तर फायरफॉक्स पण स्नॅप म्हणूनच येतो, त्यामुळे तुम्ही मुद्दाम काही टाकलं नसलं तरी तुमच्याकडे स्नॅप आहेतच. यातलं स्ट्रिक्ट प्रकारातलं ॲप एका कुंपणात चालतं, आणि हे कुंपण मुख्यतः कर्नलमधलं ॲपआर्मर घालतं. ॲपआर्मर बघतं फाइलचा पत्ता, म्हणजे पाथ. होमचा इंटरफेस (इंटरफेस म्हणजे कुंपणाबाहेरच्या एखाद्या गोष्टीची परमिशन) जोडलेला असेल तर ॲपला तुमच्या होम फोल्डरमधल्या साध्या फाइल्स दिसतात, पण टिंबापासून सुरू होणाऱ्या लपलेल्या फाइल्स आणि फोल्डर दिसत नाहीत. एसएसएचच्या चाव्या (दुसऱ्या मशीनवर लॉगिन करायच्या), ब्राउझरची प्रोफाइलं, पासवर्ड असलेल्या सेटिंग फाइल्स हे सगळं तिथेच असतं आणि ते मुद्दामच बाहेर ठेवलंय.

बाहेरच्या ड्राइव्हसाठी वेगळा इंटरफेस आहे, नाव रिमूव्हेबल-मीडिया. तो जोडला की ॲपला तीन जागा मोकळ्या होतात: स्लॅश मीडिया, स्लॅश रन स्लॅश मीडिया, आणि स्लॅश एमएनटी. उबंटूत पेनड्राइव्ह लावला की तो स्लॅश मीडिया, मग तुमचं यूजरनेम, मग ड्राइव्हचं नाव असा येतो, फेडोरावर (ही दुसरी एक लिनक्स सिस्टिम) तोच रन-मीडियाखाली येतो. हा इंटरफेस ॲप टाकल्यावर आपोआप जोडला जात नाही. आपोआप जोडला जावा असं वाटत असेल तर ॲप बनवणाऱ्याला स्नॅप स्टोअरकडे तशी खास मागणी करावी लागते आणि तिथले लोक तपासून हो किंवा नाही म्हणतात. म्हणून एका ॲपला टाकल्या टाकल्या हार्डडिस्क दिसते आणि दुसऱ्याला दिसत नाही. यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

आता महत्त्वाचं. ही चावी दिसते त्यापेक्षा खूप मोठी आहे. एक तर ती वाचायची आणि लिहायची दोन्ही आहे, "नुसतं वाचू दे" असा पर्याय स्नॅपच्या या इंटरफेसमध्ये नाही. दुसरं, ती एका ड्राइव्हपुरती नाही, आज लावलेला पेनड्राइव्ह, उद्या लावणार ती हार्डडिस्क, परवा मित्राने दिलेलं मेमरी कार्ड, सगळ्याला तीच चावी लागते. आणि तिसरं, जे मला खूप उशिरा कळलं, इथे लपलेल्या फाइल्स वगळलेल्या नाहीत. होममध्ये जी राखण आहे ती बाहेरच्या ड्राइव्हवर नाही. समजा जुना लॅपटॉप बंद पडला म्हणून त्याची डिस्क काढून यूएसबी केसमध्ये घातली आणि नव्या लॅपटॉपला लावली. आपल्यातले किती जण हे करतात! त्या डिस्कवर तुमचं अख्खं जुनं होम आहे, त्यातल्या चाव्या, जुन्या ब्राउझरचे सेव्ह केलेले लॉगिन, सगळं. पूर्ण होमचा बॅकअप ज्या हार्डडिस्कवर घेतलाय तिचं पण तेच. म्हणजे जे ॲप तुमच्या चालू होममधल्या एसएसएच फोल्डरला हात लावू शकत नाही, तेच ॲप त्याच फोल्डरची बॅकअपवरची कॉपी निवांत वाचू शकतं. आणि आपल्या घरांमध्ये हार्डडिस्कवर काय काय असतं आठवून बघा. आधारचे स्कॅन, सातबाराच्या कॉपी, पासबुकाचे फोटो, मुलांच्या मार्कशीट.

म्हणून मी प्रत्येक ॲपसाठी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या ॲपला मी फाइल हातात देणार आहे, की त्याला स्वतः ड्राइव्हवर हिंडायची गरज आहे?

मी स्वतः फाइल निवडून देत असेन तर बहुतेक वेळा परमिशन लागतच नाही, कारण मध्ये पोर्टल नावाची सोय असते. फाइल उघडायची खिडकी येते ना, ती पोर्टलवाल्या ॲपमध्ये ॲपची नसतेच, ती डेस्कटॉपची असते, कुंपणाच्या बाहेरची. तिला सगळे ड्राइव्ह दिसतात, त्यातली तुम्ही एक फाइल निवडली की तेवढीच फाइल ॲपला मिळते. दारात उभं राहून पाहुण्याला हवं ते पुस्तक आणून द्यावं तसं आहे, पाहुण्याला कपाटापर्यंत नेलंच नाही. फायरफॉक्समधून एखाद्या सरकारी साइटवर पेनड्राइव्हमधली पीडीएफ अपलोड करायची आहे? एवढ्यासाठी फायरफॉक्सला अख्ख्या ड्राइव्हची चावी लागत नाही.

पण पोर्टल कुठे कमी पडतं ते पण माहीत हवं, नाहीतर तुम्ही उगाच हट्टाने परमिशन नाकारत बसाल आणि काम अडेल. पोर्टलमधून मिळते एक फाइल, तिच्या शेजारच्या फाइल्स मिळत नाहीत. सिनेमा उघडला आणि सबटायटलची एसआरटी फाइल त्याच फोल्डरमध्ये आहे, प्लेअरला सिनेमा मिळाला, सबटायटल नाही, आणि आपण म्हणतो प्लेअर खराब आहे. सेव्ह केलेलं वेबपेज उघडलं, चित्रं गायब, तेच कारण. लिब्रेऑफिस फाइल उघडताना तिच्या शेजारी एक लपलेली लॉक फाइल करतं, दोघांनी एकाच वेळी तीच फाइल बदलू नये म्हणून, शेजारी लिहायला मिळालं नाही तर ते संरक्षण जातं. डार्कटेबल प्रत्येक रॉ फोटोशेजारी एक्सएमपी फाइल ठेवतं, तुम्ही केलेली सगळी एडिटिंग तिच्यात असते. केडेनलाइव्हच्या प्रोजेक्टमध्ये व्हिडिओ नसतोच, फक्त व्हिडिओ कुठे आहे त्याचे पत्ते असतात. अशा ॲप्सना हिंडावंच लागतं.

एकेक प्रकार घेऊन सांगते, माझं मत म्हणून घ्या.

व्हिडिओ आणि गाणी वाजवणारे प्लेअर, व्हीएलसी वगैरे: द्यायला हरकत नाही. फोल्डर वाजवायचं, सबटायटल शोधायचं हे त्यांचं रोजचं काम आहे. खरं तर त्यांना फक्त वाचायची परमिशन पुरते, ती कशी द्यायची ते फ्लॅटपॅकच्या (स्नॅपसारखाच ॲप पॅक करायचा दुसरा प्रकार) भागात येतंय.

फोटो आणि व्हिडिओ एडिट करणारे, म्हणजे डार्कटेबल, डिजिकॅम, केडेनलाइव्ह: तुमचे फोटो खरंच एक्स्टर्नलवर राहत असतील तर द्यावी लागते, आणि लिहायची पण द्यावी लागते. पण पहिल्यांदा देण्याआधी दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करा आणि तो ड्राइव्ह काढून कपाटात ठेवा. लावलेला राहिला तर त्यालाही तीच चावी लागणार आहे, वर सांगितलंच. लग्नाचे फोटो काढणारे माझे दोन मित्र आहेत, सीझनमध्ये आठवड्याला एक कार्ड भरतं, त्यांना मी हेच सांगत असते की कार्ड थेट एडिटरला दाखवू नका, आधी फाइल मॅनेजरने कॉपी करा मग कॉपीवर काम करा. फाइल मॅनेजर कुंपणात नाही, त्याला कुठलीच परमिशन लागत नाही.

बॅकअप घेणारं ॲप: द्यायलाच हवी, नाहीतर ते बॅकअप ठेवणार कुठे.

आवाज रेकॉर्ड आणि एडिट करणारं ॲप, यावर जरा थांबते कारण घरातलीच गोष्ट आहे. बाबा भजनी मंडळात पखवाज वाजवतात आणि मंडळाची जवळजवळ पंधरा वर्षांची रेकॉर्डिंग्ज एका हार्डडिस्कवर आहेत. ते ऑडॅसिटीत उघडून मधले खोकले, माइकची शिट्टी, खुर्च्यांचे आवाज कापतात. ऑडॅसिटी ३.० पासून, म्हणजे २०२१ पासून, प्रोजेक्ट एकाच फाइलमध्ये राहतो आणि ती फाइल आतून डेटाबेस असते, काम चालू असताना तिच्या शेजारी आणखी फाइल्स तयार होतात. म्हणजे प्रोजेक्ट थेट एक्स्टर्नलवर ठेवायचा तर परमिशन लागणार. मी बाबांना वेगळा रस्ता लावून दिला, मूळ रेकॉर्डिंग होममध्ये कॉपी करायचं, तिथे काम करायचं, तयार फाइल परत हार्डडिस्कवर टाकायची. ऑडॅसिटीला चावी दिलीच नाही. मूळ रेकॉर्डिंगला कुणी हात लावत नाही याचं मला फार समाधान आहे, कारण त्यातले तीन आवाज आता या जगात नाहीत. शिवाय हार्डडिस्क फॅट३२ असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल तिच्यावर बसतच नाही, लांबलचक प्रोजेक्ट मध्येच अडकतो, त्यामुळे काम होममध्येच बरं.

ब्राउझर: गरज नाही, अपवाद एकच, मोठमोठी डाउनलोड थेट एक्स्टर्नलवर जावीत असं सेट केलं असेल तर. ऑफिस: बहुतेकांना गरज नाही, एका शीटमधून दुसऱ्या फाइलला लिंक असेल किंवा पेनड्राइव्हवरचीच फाइल दोन मशीनवर चालत असेल तर विचार करा. चॅटची ॲप्स, मीटिंगची ॲप्स, नोट्स, कॅल्क्युलेटर, हवामान: नाही. चॅटमध्ये फोटो पाठवायचा तर निवडून पाठवा. गेम: नाही, फक्त स्टीमसारखं काही असेल आणि गेम दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवायचे असतील तर तेवढाच फोल्डर. टोरेंट: तेवढाच फोल्डर. (एकच फोल्डर देणं फ्लॅटपॅकमध्ये जमतं, ते पुढे येतंय.)

आता प्रत्यक्ष कसं करायचं. कमांड मी इथे देवनागरीत लिहितेय, टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या, आणि ज्यांना टर्मिनलची भीती वाटते त्यांनी सेटिंग्जमधून करा, दोन्हीचा परिणाम सारखाच आहे.

सेटिंग्ज उघडा, डावीकडे ॲप्स, त्यात हवं ते ॲप निवडा. स्नॅप असेल तर त्याच्या परमिशनची बटणं दिसतील, त्यात रिमूव्हेबल स्टोरेजवरच्या फाइल्स वाचण्या-लिहिण्याचं एक बटण असतं. चालू किंवा बंद करा, झालं. ते बटणच दिसत नसेल तर दोन शक्यता. एक, ॲप बनवणाऱ्याने हा इंटरफेस मागितलेलाच नाही, मग तुम्ही कितीही प्रयत्न केला तरी देता येणार नाही. दोन, ॲप क्लासिक प्रकारातलं आहे, म्हणजे त्याला कुंपणच नाही, ते तुमच्या यूजरला जे जे उघडतं ते सगळं उघडू शकतं. व्हीएस कोड स्नॅपमध्ये असाच येतो. क्लासिक ॲपच्या बाबतीत हा अख्खा लेख लागू नाही, तिथे प्रश्न एवढाच की त्या ॲपवर तुमचा विश्वास आहे का.

टर्मिनलमध्ये "स्नॅप कनेक्शन्स" आणि पुढे ॲपचं नाव टाकलं की त्या ॲपच्या सगळ्या जोडण्या चार कॉलममध्ये येतात. रिमूव्हेबल-मीडियाच्या ओळीत तिसऱ्या कॉलममध्ये नुसती रेघ असेल तर जोडलेलं नाही. शेवटच्या कॉलममध्ये "मॅन्युअल" लिहिलं असेल तर ते कधीतरी तुम्हीच हाताने जोडलंय, आणि तिथे नुसती रेघ असून जोडलेलं असेल तर ते आपोआप जोडलं गेलंय. ही दुसरी माहिती सोन्यासारखी आहे, कारण तुम्ही न विचारता काय काय उघडं आहे ते इथे कळतं. सगळ्या ॲप्सचं एकदम बघायचं तर ॲपचं नाव न देता नुसतं "स्नॅप कनेक्शन्स" टाका, जोडलेल्या सगळ्या जोडण्यांची यादी येते, त्यात रिमूव्हेबल-मीडियाच्या ओळी बघा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा यादीत अशी दोन नावं होती जी मी वर्षभर उघडली पण नव्हती.

जोडायला "सुडो स्नॅप कनेक्ट", मग ॲपचं नाव, मग मध्ये जागा न सोडता अपूर्णविराम (:) आणि "रिमूव्हेबल-मीडिया". तोडायला कनेक्टच्या जागी डिसकनेक्ट. आपोआप जोडलेलं तुम्ही हाताने तोडलंत तर स्नॅप ते लक्षात ठेवतो आणि पुढच्या अपडेटला गुपचूप परत जोडत नाही, ही चांगली गोष्ट आहे. पण ॲप काढून टाकून पुन्हा इन्स्टॉल केलंत तर परत एकदा तपासा, तेव्हा सुरुवात नव्याने होते.

मी स्वतः काय करते सांगू का, कधीतरीच लागणाऱ्या ॲपला काम करताना जोडते आणि काम झालं की तोडते. दहा सेकंदांचं काम आहे.

फ्लॅटपॅकची गोष्ट थोडी उलटी आहे आणि इथे लोक जास्त फसतात. स्नॅपमध्ये बाहेरचा ड्राइव्ह सहसा बंद असतो आणि आपण उघडतो, फ्लॅटपॅकमध्ये ॲप बनवणाऱ्याने जे लिहिलंय ते इन्स्टॉल करताच मिळून जातं. व्हीएलसी, गिंप, लिब्रेऑफिस अशा बऱ्याच जुन्या मोठ्या ॲप्सना "होस्ट" अशी परमिशन लिहिलेली असते, होस्ट म्हणजे होम आलं, बाहेरचे सगळे ड्राइव्ह आले, लिहायच्या हक्कासकट. याउलट फायरफॉक्सच्या फ्लॅटपॅकला फक्त डाउनलोड फोल्डर मिळतो. म्हणजे "फ्लॅटपॅक आहे म्हणजे सुरक्षित आहे" असं सरसकट म्हणता येत नाही, बघावं लागतं. बघायला "फ्लॅटपॅक इन्फो", मग दोन डॅश देऊन "शो-परमिशन्स", मग ॲपचा पूर्ण आयडी. फाइलसिस्टम्सच्या ओळीत होस्ट, होम किंवा एखाद्या फोल्डरचं नाव दिसेल.

पण फ्लॅटपॅकमध्ये एक फार मोठी सोय आहे जी स्नॅपमध्ये नाही, एकच फोल्डर देता येतो आणि नुसता वाचायला देता येतो. त्यासाठी फ्लॅटसील नावाचं ॲप टाका, फ्लॅटहबवर (फ्लॅटपॅक ॲप्स मिळतात ती साइट) फुकट आहे, केडीई डेस्कटॉप वापरत असाल तर प्लाझ्मा ५.२७ पासून सिस्टिम सेटिंग्जमध्येच फ्लॅटपॅकच्या परमिशनचं पान आहे. फ्लॅटसीलमध्ये डावीकडे ॲप निवडा, फाइलसिस्टमच्या भागात "ऑल सिस्टिम फाइल्स" हे बटण चालू असेल तर ते म्हणजे होस्ट, ते बंद करा. मग खाली "अदर फाइल्स"मध्ये फक्त तुमच्या ड्राइव्हचा पत्ता घाला, आणि पत्त्याच्या शेवटी अपूर्णविराम देऊन "आरओ" लिहा. आरओ म्हणजे रीड ओन्ली. बाबांच्या लॅपटॉपवर व्हीएलसीला मी असंच दिलंय, त्याला भजनांचा ड्राइव्ह दिसतो, वाजवता येतो, पण एक अक्षर बदलता येत नाही. काही बिघडलं असं वाटलं तर वरचं रिसेटचं बटण दाबा, सगळं मूळ जागी येतं.

ड्राइव्हच्या नावाने पत्ता देताना एक अडचण येते. दोन ड्राइव्हची नावं सारखी असतील (आणि दुकानातून आणलेल्या ड्राइव्हची असतातच) तर दुसऱ्याच्या नावापुढे सिस्टिम आपोआप १ लावते, मग पत्ता बदलतो आणि परमिशन भलत्याच ड्राइव्हला लागते किंवा कुणालाच लागत नाही. म्हणून प्रत्येक ड्राइव्हला डिस्क्स ॲपमधून वेगळं नाव द्या, इंग्रजीत, मध्ये स्पेस न देता, आणि फॅटवाला पेनड्राइव्ह असेल तर ११ अक्षरांच्या आत. आणि आधी ड्राइव्ह लावायचा, मग ॲप उघडायचं. परमिशन बदलली तर ॲप पूर्ण बंद करून परत उघडायचं, नुसती खिडकी बंद करून काही ॲप्स मागे चालूच राहतात.

एकाच ॲपचं स्नॅप आणि फ्लॅटपॅक दोन्ही मिळत असेल आणि ते ॲप मौल्यवान ड्राइव्हवर चालवायचं असेल तर मी या एका कारणासाठी फ्लॅटपॅक निवडते.

परमिशन देऊनही चालत नाही असं झालं तर सँडबॉक्सला दोष देण्याआधी फाइल मॅनेजरमधून त्या ड्राइव्हवर एक रिकामा फोल्डर करून बघा. तिथेही झाला नाही तर प्रश्न वेगळा आहे. विंडोजमध्ये वापरलेली एनटीएफएस हार्डडिस्क असेल आणि विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर ती डिस्क अर्धवट झोपलेल्या अवस्थेत येते आणि लिनक्स ती फक्त वाचायला उघडतो, कधी उघडतच नाही. विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा, नीट शटडाउन करा. ईएक्सटी४ (लिनक्सच्या फॉरमॅटची) डिस्क दुसऱ्या मशीनवरून आली असेल तर फाइल्सची मालकी दुसऱ्या यूजरची असू शकते, तिथे पण परमिशन डिनाइडच दिसतं.

लॅपटॉपच्या आतली दुसरी डिस्क तुम्ही स्वतः एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेली सिस्टिमची फाइल) लिहून स्लॅश डेटा अशा जागी जोडली असेल तर रिमूव्हेबल-मीडिया तिला लागू होत नाही, तो फक्त त्या तीन जागा ओळखतो. ती स्लॅश एमएनटीखाली जोडा म्हणजे लागू होईल. होममधून ड्राइव्हवर शॉर्टकट, म्हणजे सिमलिंक, केला तर चालेल असं खूप जणांना वाटतं, स्नॅपमध्ये चालत नाही, कारण ॲपआर्मर शॉर्टकट बघत नाही, फाइल खरी कुठे आहे ते बघतं. आणि केबलने लावलेला फोन या तिन्ही जागांपैकी कुठेच येत नाही, त्याला डेस्कटॉप वेगळ्या ठिकाणी दाखवतो, त्यामुळे फोनमधले फोटो आधी फाइल मॅनेजरने कॉपी करून घ्या.

उबंटू २४.१० पासून सिक्युरिटी सेंटर नावाचं ॲप आलंय, त्यात प्रयोग म्हणून एक सोय आहे, ॲपने होममधल्या फाइलला हात लावला की त्याच क्षणी विचारणा येते, द्यायची का, आत्तापुरती की कायमची. ती होमसाठी आलीये, बाहेरच्या ड्राइव्हसाठी पण अशीच विचारणा यावी ही माझी मनापासूनची इच्छा आहे. मॅकवर हे २०१९ च्या कॅटालिनापासून आहे, ॲपने पहिल्यांदा बाहेरच्या ड्राइव्हला हात लावला की विचारलं जातं, आणि नंतर बदलायचं तर प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत फाइल्स अँड फोल्डर्समध्ये रिमूव्हेबल व्हॉल्यूम्सचं बटण असतं.

शेवटी, आपल्यातले जे स्वतः ॲप बनवून स्नॅप स्टोअरवर टाकतात त्यांच्यासाठी. ऑटो-कनेक्टची मागणी करायच्या आधी तुमचं ॲप पोर्टलची फाइल-खिडकी वापरतं का ते बघा. नव्वद टक्के काम तिथेच सुटत असेल तर मागू नका, इंटरफेस जाहीर करून ठेवा, ज्याला लागेल तो हाताने जोडेल, आणि ॲपच्या वर्णनात ती एक ओळ स्पष्ट लिहा. मागायचीच असेल तर वापरणारा नेमकं काय करताना अडतो ते उदाहरणासकट सांगा, "यूजरला सोपं जावं" हे कारण पुरेसं नाही, कारण सोपं तर प्रत्येकालाच हवंय. आणि ॲपच्या आतही थोडी काळजी घ्या, ड्राइव्ह लावला लावला सगळा स्कॅन करायला सुरुवात करू नका, माणसाने फोल्डर दाखवल्याशिवाय काही हलवू नका, नावं बदलायच्या आधी विचारा. एखाद्या घरातली एकमेव कॉपी त्या ड्राइव्हवर असू शकते.